कार्डाची खाच नसलेला फोन

मामांनी नवा फोन घेतला त्याच संध्याकाळी ते माझ्याकडे आले. मुठीत जुन्या फोनमधलं मेमरी कार्ड, कागदाच्या घडीत गुंडाळलेलं. "हे कुठून आत सरकवायचं तेवढं दाखव गं," म्हणाले. मी सिमचा ट्रे ओढून पाहिला, चारही कडा चाचपल्या. खाच नव्हतीच. हल्लीच्या बऱ्याच फोनांना ती नसते, आणि फोन घेताना हे विचारायचं कुणाच्या ध्यानात येत नाही.

कार्डात ५,१४० फायली होत्या, साधारण २६ जीबी. वीस वर्षांचा संचय. काही त्यांनी स्वतःच्या सीडींवरून उतरवलेल्या, काही एकेका डिस्कवर दीडशे गाणी असायची त्या एमपीथ्रीच्या जमान्यातल्या, काही मित्रांनी दिलेल्या, काही कॅसेटवरून संगणकात घेतलेल्या. नव्या फोनची जागा ६४ जीबी. त्यातली बरीचशी फोनच्या स्वतःच्या प्रणालीने आणि फोटोंनी आधीच व्यापलेली. २६ जीबी कोंबले असते तर महिन्याभरात फोन रडायला लागला असता.

मी म्हटलं, "मामा, फायली भरायच्याच नाहीत. गाणी सरळ नेटवरून ऐकायची."

"फोनमध्ये गाणं नसेल तर ते वाजेल कुठून?"

प्रश्न अगदी योग्य होता. त्याचं उत्तर मी नीट दिलं नाही आणि थेट ॲप टाकून दिलं. पुढचे दोन आठवडे जे काही बिघडलं ते या घाईमुळे. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं ते यासाठी, की ॲप टाकायला पाच मिनिटं लागतात आणि लोक त्यालाच सुरुवात समजतात. मीही समजले होते.

एक गोष्ट मात्र त्या संध्याकाळीच केली. कार्ड रीडरमध्ये घालून सगळ्या फायलींची प्रत संगणकावर घेतली. तीन फायली वाचताच आल्या नाहीत. मेमरी कार्डात माहिती विद्युतभाराच्या रूपात साठते आणि कार्ड वर्षानुवर्षं पडून राहिलं तर तो भार हळूहळू झिरपतो. कागदात गुंडाळून कपाटात ठेवल्याने ते सुरक्षित होत नाही. म्हणून कुणी असंच कार्ड घेऊन आलं तर प्रत आधी, बाकीची चर्चा नंतर.

अविश्वास कुठून आला

मामांचा नेटवरच्या गाण्यावर विश्वास नव्हता, आणि त्याला कारण होतं. २००० च्या आसपास ते कचेरीतल्या संगणकावर मोडेम लावून गाणी ऐकायचा प्रयत्न करत. गाणं दोन ओळी वाजे, थांबे, पडद्यावर 'बफरिंग' असं येई. त्यांच्या लेखी नेटवरचं गाणं म्हणजे तुटक गाणं.

त्या वेळचं गणितच तसं होतं. मोडेमवर ५६ लिहिलेलं असे, पण प्रत्यक्षात सेकंदाला ४०-५० किलोबिट मिळत. साधी एमपीथ्री फाइल सेकंदाला १२८ किलोबिट मागते. म्हणजे मिनिटभराचं गाणं यायला जवळजवळ तीन मिनिटं. रिअलऑडिओ हे नेटवरून आवाज ऐकवणारं सॉफ्टवेअर एप्रिल १९९५ मध्ये आलं तेव्हा ते काढणाऱ्यांनी आवाज इतका दाबून बारीक केला की तो त्या अरुंद नळातून मावेल. ऐकायला मात्र टेलिफोनवरून कुणी गाऊन दाखवतंय असा. बारीक आवाज किंवा तुटक आवाज, यांतलं एक निवडायचं. अशा अनुभवातून आलेल्या माणसाला 'आता तसं नाही' एवढंच सांगून भागत नाही. काय बदललं ते सांगायला हवं.

मग मी हौदाचं उदाहरण दिलं. नळाला पाणी कमी-जास्त येतं, मधेच जातंही, पण तोटी हौदाला लावलेली असली की हौदात पाणी आहे तोवर धार तुटत नाही. गाणं ऐकताना फोन तेच करतो. आपण दहावं सेकंद ऐकत असतो तेव्हा पुढचा बराच भाग येऊन बसलेला असतो. त्या साठ्याला बफर म्हणतात. मोडेमच्या काळात हौद भरण्यापेक्षा उपसा जास्त होता. आज साध्या मोबाइल नेटवरही भरण्याचा वेग उपशाच्या कितीतरी पट असतो. पाच मिनिटांचं गाणं १६० किलोबिटने सहा एमबीचं होतं. बरं नेट असेल तर ते काही सेकंदांतच पूर्ण येऊन पडतं.

दुसरा बदल असा की आता नेटवरचा आवाज बहुधा तुकड्यांनी पाठवतात. ॲपलने २००९ मध्ये आणलेल्या पद्धतीत सुरुवातीला दहा-दहा सेकंदांचे तुकडे सुचवलेले होते, पुढे सहा सेकंदांचे. प्रत्येक तुकडा सर्व्हरवर दोन-तीन दर्जांत तयार असतो. नेट मंदावलं की पुढचा तुकडा हलक्या दर्जाचा मागवला जातो, सुधारलं की पुन्हा भारी. पूर्वी गाणं थांबायचं. आता ते थोडं फिकं होतं आणि चालू राहतं.

मामा एवढंच म्हणाले, "म्हणजे येतंच आहे गाणं फोनमध्ये, फक्त राहत नाही." याहून नेमकी व्याख्या मला करता आली नसती.

नवव्या दिवशी डेटा संपला

मामांच्या घरी वायफाय नाही, सगळं मोबाइल डेटावर. महिन्याचा डेटा नवव्या दिवशी संपला, आणि "पाहिलंस?" असा त्यांचा फोन आला.

तपासलं तर दोन कारणं निघाली. पहिलं मामांचं. ॲपमध्ये गाणं सापडलं नाही की ते व्हिडिओच्या ॲपमध्ये जाऊन तेच गाणं लावत आणि फोन उपडा ठेवून ऐकत. त्यांच्या दृष्टीने ते गाणंच होतं. फोनच्या दृष्टीने तो सिनेमा होता. नुसता आवाज १६० किलोबिटने तासाला ७२ एमबी घेतो. एचडी व्हिडिओ तासाला गिगाबाइटच्या घरात जातो, आणि कुणी पाहत नसलं तरी चित्र येतच राहतं. शिवाय व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होई. मामा झोपी गेल्यावरही तासभर ते चालू राही.

दुसरं कारण माझं. मामांना उत्तम ऐकू यावं म्हणून मी ॲपमध्ये आवाजाचा सर्वांत वरचा दर्जा लावून दिला होता, वायफायसाठीही आणि मोबाइल डेटासाठीही. सर्वांत वरचा म्हणजे लॉसलेस, ज्यात काहीच कापलेलं नसतं. ॲपल म्युझिकचे आकडे पाहिले तर फरक कळतो: तीन मिनिटांचं गाणं २५६ किलोबिटने सुमारे ६ एमबी, लॉसलेसमध्ये ३६, आणि त्याच्याही वरच्या हाय-रेझ पायरीवर १४५. आणि मामा ते ऐकत होते ब्लूटूथ स्पीकरवर. नेहमीचं ब्लूटूथ आवाज पुन्हा दाबूनच पाठवतं, त्यामुळे नेटवरून आणलेलं ते सारं बारकाव्याचं ओझं फोन आणि स्पीकर यांच्यामधल्या दोन हातांत गळून जात होतं.

मग ठरवलं की दर्जा अंदाजाने लावायचा नाही, कानाने लावायचा. बहुतेक ॲपांत पायऱ्या ९६, १६०, ३२० किलोबिट अशा किंवा त्यांच्या जवळपास असतात. मामांना पाठमोरं बसवलं, त्यांच्याच स्पीकरवर एकच बंदिश तिन्ही पायऱ्यांवर लावली, क्रम न सांगता, तीन-तीनदा. ९६ त्यांनी प्रत्येक वेळी ओळखलं. कशावरून? "तानपुरा चरचरतो. तार छेडल्यावर मागे जी आस राहते, ती पाण्यात बुडल्यासारखी येते." त्यांचं बरोबर होतं, दाबलेल्या आवाजात आधी बिघडतात ते असे लांबत जाणारे, वरच्या स्वरांनी भरलेले नाद. तबल्याच्या थापेत त्यांना फरक कळला नव्हता. १६० आणि ३२० मध्ये मात्र ते दर वेळी गोंधळले, आणि गोंधळल्याचं त्यांनी मोकळेपणी सांगितलं.

म्हणून १६०. रोज अडीच तास ऐकणं, म्हणजे १८० एमबी, महिन्याला साडेपाच जीबीच्या आत. ३२० ला हेच पावणेअकरा जीबी झालं असतं आणि कानाला काही मिळालं नसतं. कुणी दुसऱ्या स्पीकरवर, दुसऱ्या प्रकारचं संगीत ऐकत असेल तर उत्तर वेगळं येईल. चाचणी मात्र हीच करावी: आपलं संगीत, आपला स्पीकर, आपले कान.

याच आठवड्यात आणखी एक तक्रार होती. फोनचा पडदा बंद झाला की पाच-दहा मिनिटांत गाणं थांबे. मामांना वाटे नेट गेलं. नेट नव्हतं गेलं. फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालू असलेलं ॲप झोपवत होता. सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या नावापुढे बॅटरीची बंधनं काढून टाकली आणि विषय संपला. व्हिडिओच्या ॲपमध्ये पडदा बंद केल्यावर आवाज थांबणं ही निराळी गोष्ट. यूट्यूबवर तो पुढे चालू ठेवायची सोय सशुल्क वर्गणीत येते.

मामींची वही

इथवर सगळी दुरुस्ती यंत्राची झाली. मामा तरीही ॲप उघडत नव्हते. का, ते त्यांना सांगता येईना. शेवटी मामी म्हणाल्या, "अगं, त्यांना काय लावायचं ते आठवत नाही. कार्डात असताना नावं समोर दिसायची."

हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. कार्डातला संग्रह हा नुसता साठा नव्हता, ती एक यादी होती, आणि त्या यादीवरून बोट फिरवताना ऐकण्याची इच्छा होई. ॲपमध्ये कोट्यवधी गाणी आणि एक रिकामी पट्टी: शोधा. रिकाम्या पट्टीसमोर माणूस थिजतो. वर दिसत होत्या त्या ॲपने सुचवलेल्या याद्या, ज्यांत मामांचं काहीच नव्हतं.

पाच हजार फायलींची नावं एकेक करून ॲपमध्ये शोधायची असं मी ठरवत होते. मामींनी ते मोडीत काढलं. त्यांनी एक वही केली. मामांना कधीही, दिवसातल्या कुठल्याही वेळी, काही ऐकावंसं वाटलं की ते आधी वहीत लिहायचं आणि मग लावायचं. तीन आठवडे. कार्डाकडे पाहून लिहायचं नाही, मनात आलं तेच लिहायचं.

तीन आठवड्यांत २१२ नोंदी झाल्या. पाच हजारांपैकी २१२. मामा स्वतःच बराच वेळ त्या वहीकडे पाहत होते. बाकीचं सगळं त्यांनी जमवलं होतं, जपलं होतं, पण ते ऐकत नव्हते. हलवायचं होतं ते ऐकणं. संग्रह संगणकावर सुखरूप होताच. हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर दोन आठवड्यांचा मनस्ताप वाचला असता. आज मला कुणी सुरुवात कशी करू असं विचारलं तर मी वहीपासून सांगते, ॲपचं नाव सर्वांत शेवटी.

वहीत चार रकाने होते: काय, कुणाचं, किती लांबीचं, आणि ॲपमध्ये कोणत्या नावाने सापडलं. लांबीचा रकाना मी सुचवला. जुन्या फायलीवरून मिनिटं-सेकंदं पाहून भरायचा. तो पुढे सगळ्यांत कामाला आला.

शोधताना

ॲपमधला शोध वरवर सोपा दिसतो. पण जुनं संगीत शोधायला बसलं की तीन अडचणी येतात.

पहिली लिपीची. बरीचशी नावं रोमन लिपीत भरलेली असतात आणि ज्याने भरली त्याच्या मर्जीप्रमाणे. मारवा या एका रागाच्या नावात 'व'साठी कुणी व्ही लिहितो, कुणी डब्ल्यू. शेवटी ए कुणी एक लावतो, कुणी दोन. भैरवीचंही तेच. देवनागरीत लिहून शोधलं तर कधी थेट सापडतं, कधी काहीच येत नाही. उपाय एकच: दोन-तीन तऱ्हांनी लिहून पाहायचं आणि ज्या रूपाने सापडलं ते रूप वहीत टिपायचं. मामींनी ते चौथ्या रकान्यात जसंच्या तसं उतरवून ठेवलं आहे.

दुसरी 'कलाकार' या रकान्याची. चित्रपटगीत असेल तर तिथे कधी गायिकेचं नाव असतं, कधी संगीतकाराचं, कधी दोघांचं. जुगलबंदीत दुसऱ्या वादकाचं नाव गळालेलं असतं. त्यामुळे गायिकेच्या पानावर गाणं नाही म्हणजे ते ॲपमध्येच नाही असं होत नाही. मामांची जवळपास वीस गाणी संगीतकाराच्या नावाखाली निघाली.

तिसरी अडचण सर्वांत फसवी: गाणं सापडतं, पण ते तेच नसतं. मूळ ध्वनिमुद्रण, त्याची स्वच्छ केलेली आवृत्ती, त्याच गायकाने वयाच्या साठीत पुन्हा गायलेलं, आणि भलत्याच कुणीतरी हुबेहूब गायलेलं. चारही एकाच नावाने, बहुतेकदा एकाच चित्रासह. वर्षावर विसंबता येत नाही, कारण तिथे पुष्कळदा संकलन बाजारात आल्याचं वर्ष असतं. पन्नासच्या दशकातलं गाणं २००९ चं म्हणून दिसतं. इथे लांबीचा रकाना उपयोगी पडला. जुन्या फायलीत ३ मिनिटं १४ सेकंदं आणि ॲपमध्ये ३ मिनिटं १५, तर बहुतेक तेच. ४ मिनिटं ४० असेल तर नक्की दुसरं. दहा इंची, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीनएक मिनिटंच मावत, म्हणून त्या काळातली गाणी तेवढीच. 'मूळ' म्हणून पाच मिनिटांचं काही समोर आलं तर शंका घ्यावी.

२१२ पैकी १७१ नेमकी सापडली. २४ सापडली, पण दुसऱ्या आवृत्तीत. त्यांतली काही मामांना चालली, काही त्यांनी अर्ध्यावर बंद केली. १७ सापडलीच नाहीत.

सापडलेल्या १७१ ची ॲपमध्ये एकच यादी केली आणि तिला नाव दिलं 'वही'. आता मामा ॲप उघडतात तेव्हा रिकाम्या पट्टीकडे जात नाहीत, 'वही'त जातात आणि बोट फिरवतात. यादी संपल्यावर ॲप स्वतःच्या मनाने पुढचं काही लावतं, ते बंद केलं. मामींना मात्र ते आवडतं. त्यांना नवं ऐकायला मिळतं. दोघं एकाच खात्यावरून ऐकत होते तेव्हा ॲपच्या सूचनांची खिचडी होई, म्हणून मामींसाठी त्यांच्या फोनवर वेगळं खातं उघडलं.

शास्त्रीय संगीताबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मैफलीचं ध्वनिमुद्रण ॲपमध्ये पुष्कळदा तुकडे पाडून ठेवलेलं असतं: विलंबित एका ट्रॅकमध्ये, द्रुत दुसऱ्यात. विलंबितातून द्रुतात जाताना श्वासाइतकीही फट नसते, आणि तिथेच गाणं क्षणभर तुटलं तर सगळा परिणाम जातो. सेटिंग्जमध्ये 'गॅपलेस', म्हणजे दोन ट्रॅकांमध्ये फट न ठेवणं, चालू आणि 'क्रॉसफेड' बंद असावं. क्रॉसफेड एका ट्रॅकचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडावर चढवतं. शफल, म्हणजे क्रम उलटापालटा करून वाजवणं, तर बंदच. काही ॲपांच्या मोफत पातळीवर हवा तो क्रम ठेवता येत नाही आणि मधे जाहिरात येते. विलंबित संपलं आणि जाहिरात लागली, तेव्हा मामांनी फोन बंद करून ठेवला आणि त्या दिवशी पुन्हा हात लावला नाही. वर्गणी भरायचं ठरलं ते त्या दिवशी. आधी मोफत चाचणीचा महिना घेतला. चाचणीसाठीही पैसे भरण्याचा तपशील मागतात आणि मुदत संपली की वर्गणी आपोआप सुरू होते, म्हणून ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिली.

टेकडीमागचं वळण

सकाळच्या फिरण्यात एक वळण होतं जिथे नेट जातं. मामांची तक्रार मजेशीर वाटावी अशी होती: कधी गाणं तिथे तुटतं, कधी नाही. नीट विचारलं तेव्हा उलगडा झाला. यादीतलं गाणं चालू असेल तर ते वळण पार होई, कारण ते आधीच पूर्ण येऊन बसलेलं असे. गाणं नेमकं वळणावर संपलं तर पुढचं सुरू होताना अडखळे. आणि इंटरनेट रेडिओ लावला असेल तर हमखास तुटे. रेडिओ त्या क्षणी जे वाजतंय तेच पाठवतो. पुढचं अजून वाजलेलंच नसतं, मग साठवणार काय? हौद अवघ्या काही सेकंदांचा.

यावर ॲपमधलं डाउनलोडचं बटण हा उपाय आहे, पण 'डाउनलोड न करता ऐकायचं' म्हणून सुरू केलेल्या माणसाला ते बटण बुचकळ्यात टाकतं. मामांनी विचारलं, "मग ती फाइल मला मिळाली का?" नाही मिळत. ते गाणं फोनवर उतरतं खरं, पण कुलूपबंद, त्याच ॲपमध्ये वाजणारं. दुसरीकडे पाठवता येत नाही, वर्गणी थांबली की उघडत नाही. स्पॉटिफायमध्ये तर ३० दिवसांतून एकदा तरी फोन नेटला जोडावा लागतो, नाहीतर उतरवलेली गाणी निघून जातात. फिरायच्या वेळची चाळीस गाणी आम्ही अशी उतरवून ठेवली, जवळच्या वायफायवर बसून. बाकी सगळं येतं आणि जातं.

फोनची जागा भरू लागली तर घाबरायचं कारण नाही. ऐकलेल्या गाण्यांचे तुकडे ॲप तात्पुरते ठेवतं, म्हणजे तेच गाणं पुन्हा लावलं तर पुन्हा डेटा खर्च होऊ नये. याला कॅश म्हणतात. सेटिंग्जमधून ती साफ केली तरी यादीतलं काहीही हरवत नाही. मामांना पहिल्यांदा 'क्लिअर' हा शब्द दाबताना हात थरथरला होता. वीस वर्षं फायली सांभाळणाऱ्याला तो शब्द जिव्हारी लागणारच.

एकदा असंच बसलो असताना त्यांनी विचारलं, "यातून वाजवणाऱ्याला काही मिळतं का?" मिळतं, थोडं. स्पॉटिफायवर ३० सेकंदांहून जास्त ऐकलं तर ते एक ऐकणं धरलं जातं. २०२४ पासून तिथे असा नियम आहे की ज्या ट्रॅकला आधीच्या १२ महिन्यांत हजार ऐकणीही झालेली नाहीत, त्याला ध्वनिमुद्रणाच्या मानधनातला वाटा मिळत नाही. फारसे कुणी ऐकत नाहीत अशा वादकांची रेकॉर्डिंग्जच मामांना जास्त प्रिय. ते ऐकून मामा गप्प झाले. त्यांच्या कार्डातल्या निम्म्याअधिक फायलींसाठी वादकाला एक पैसाही गेलेला नव्हता, हे त्यांनी स्वतःच नंतर बोलून दाखवलं. आता त्यांना एखादं रेकॉर्डिंग फारच आवडलं आणि ते कलाकाराकडून थेट विकत मिळत असलं, बँडकॅम्पसारख्या ठिकाणी, तर ते विकत घेतात. तिथे विकत घेतल्यावर खरी फाइल मिळते.

सतरा

न सापडलेल्या सतरांत होतं काय? एका घरगुती बैठकीच्या चार फिती, मित्राचा सतारीचा रियाज, रेडिओवरून कॅसेटवर घेतलेल्या काही मुलाखती आणि गाणी, आणि तीन जुन्या तबकड्या ज्या कुणी पुन्हा काढल्याच नाहीत. त्या तिघींपैकी एक इंटरनेट आर्काइव्हवर मिळाली. तिथे ७८ च्या तबकड्यांचा मोठा संग्रह आहे आणि ब्राउझरमध्ये खातं न उघडता ऐकता येतो. पण तिथली प्रत मामांच्या प्रतीपेक्षा जास्त खरखरीत होती, म्हणून ती सतरांतच ठेवली.

नेटवर ठेवलेलं कायमचं असतं असं मानून चालत नाही. २०१९ मध्ये मायस्पेस या समाजमाध्यमाने कबूल केलं की सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेलं संगीत नाहीसं झालं. गूगल प्ले म्युझिक डिसेंबर २०२० मध्ये बंद झालं. लोकांना आपल्या याद्या आणि चढवलेली गाणी यूट्यूब म्युझिकवर हलवावी लागली. जानेवारी २०२२ मध्ये गायक नील यंग यांनी आपलं संगीत स्पॉटिफायवरून काढून घ्यायला लावलं आणि ते दोन वर्षांनी परतलं. ऐकणाऱ्याच्या हातात यातलं काहीच नसतं. यादीतलं गाणं एके दिवशी राखाडी होतं, दाबलं तरी वाजत नाही, एवढंच दिसतं.

यूट्यूब म्युझिकवर स्वतःच्या एक लाखापर्यंत फायली चढवून त्या नेटवरून ऐकता येतात. ते करावं का याचा विचार केला आणि सोडून दिला. सतरा फायली मिळून पाऊण जीबीसुद्धा होत नाहीत. त्या फोनमध्ये साध्या फायली म्हणूनच ठेवल्या, साध्या प्लेअरने वाजणाऱ्या; एक प्रत संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर. पाच हजारांचा पूर्ण संचही संगणकावर आहे.

याला आता आठ महिने झाले. मामा रोज ऐकतात, डेटा महिनाअखेरपर्यंत पुरतो. गेल्या आठवड्यात मामींचा फोन आला. 'वही'तली एक ठुमरी राखाडी झाली होती. मामांनी कागदी वही काढून लांबी पाहिली, ७ मिनिटं २२ सेकंदं, त्याच लांबीची दुसरी प्रत ॲपमध्ये शोधली, नावाची दोन-तीन रूपं लिहून पाहिली. नाही मिळाली. मग मी संगणकावरच्या संचातून ती फाइल काढून त्यांना पाठवली. मामींनी वहीत त्या ओळीवर पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि मागच्या पानावर, सतराखाली, अठरावी म्हणून लिहिली.